साडेदहा की सव्वादहा? जुने पोस्टकार्ड, कॅमेरा आणि फोकसची दीडशे वर्षे

#थ्रेड

१/२६
रत्नागिरीकडच्या जुन्या घरांत आलेली पत्रे तारेत ओवून ठेवण्याची पद्धत होती. माळ्यावरून अशी एखादी तार उतरवली की तिच्यात पन्नास-साठ वर्षांची पोस्टकार्डे निघतात. प्रत्येकाच्या मधोमध तारेचे भोक, शाई विटलेली, कडा कुरतडलेल्या. आज घरातला नातू ती मोबाइलच्या स्कॅनिंग अॅपने टिपतो, 'झाले' म्हणतो आणि तार पुन्हा माळ्यावर जाते. वर्षाने कोणी ती छायाचित्रे मोठी करून पाहिली, तर निम्मी अक्षरे धूसर असतात. हा थ्रेड त्या धूसरपणाच्या इतिहासाविषयी आणि तो टाळण्याविषयी आहे.

२/२६
धूसरपणाने बिघडते काय, हे एका उदाहरणाने पाहू. जुन्या मराठी हिशेबात रुपयाचे भाग रेघांनी दाखवत. एक उभी रेघ म्हणजे पाव रुपया, अर्थात चार आणे. दोन उभ्या रेघा म्हणजे अर्धा रुपया. एक आडवी रेघ म्हणजे एक आणा. म्हणजे '१०॥' हे साडेदहा रुपये आणि '१०।' हे सव्वादहा. दोन उभ्या रेघांमधली जागा अर्धा-एक मिलिमीटर असते. फोकस किंचित चुकला की त्या रेघा एकमेकींत मिसळतात आणि साडेदहाचे सव्वादहा होतात. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येईपर्यंत मुंबईहून गावी आलेला प्रत्येक हिशेब अशाच रेघांवर उभा होता.

३/२६
आता या कार्डाची ओळख करून घेऊ. जगातले पहिले सरकारी पोस्टकार्ड ऑस्ट्रिया-हंगेरीत १ ऑक्टोबर १८६९ रोजी निघाले. ब्रिटिश हिंदुस्थानात ते १ जुलै १८७९ रोजी आले. किंमत पाव आणा, म्हणजे तेव्हाचा एक पैसा. पुढच्याच वर्षी, १८८० मध्ये, मनीऑर्डरचे काम टपाल खात्याकडे आले. एका पैशात खुशाली आणि टपालवाल्याच्या हाती रोकड, अशा या दोन सोयी लागोपाठ मिळाल्या. ज्या प्रदेशातली कर्ती माणसे दूर शहरात राबत होती, त्या प्रदेशाला त्यांचे मोल सर्वाधिक होते.

४/२६
रत्नागिरी हा असाच प्रदेश. जमीन थोडी, डोंगराळ, भाताचे पीक एकाच हंगामाचे. म्हणून माणसे मुंबईस गिरणीत, गोदीत, कचेरीत, घरकामास गेली. त्यांना गावात 'चाकरमानी' म्हणत. मुंबईचा मार्ग बहुतांशी समुद्राचा होता आणि पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या बोटी बंद असत. त्या चार महिन्यांत माणूस येणे कठीण, कार्ड मात्र येई. कोणाची मुंज ठरली, कोणते कर्ज फिटले, कोणाच्या वाट्याची कलमे कोणी राखावीत, याच्या नोंदी सरकारी दप्तरात क्वचित सापडतात. त्या या कार्डांवर आहेत.

५/२६
पोस्टकार्डावर जागा थोडी. मजकूर संपत आला की लिहिणारा अक्षर बारीक करी, मग समासात शिरे, मग कार्ड आडवे धरून कडेने चार शब्द बसवी. 'पैसे पोचले ते कळवणे', 'आईस सांगू नये' अशी महत्त्वाची वाक्ये नेमकी कडेला सापडतात. आजच्या मोबाइलच्या लेन्सची खरी परीक्षा कडेलाच होते. ही अडचण नवी नाही. कॅमेऱ्याच्या जन्मापासून ती कॅमेऱ्याबरोबर आहे.

६/२६
कॅमेऱ्यापूर्वी आणि त्यानंतरही पुष्कळ काळ कागदाची प्रत म्हणजे हाताने उतरवलेली नक्कल. याचे थोर उदाहरण रत्नागिरी जिल्ह्याचेच आहे. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई १८६५ साली गोविल गावी जन्मले आणि रत्नागिरीच्या हायस्कुलात शिकले. त्यांच्या संपादनाखाली पुण्याच्या पेशवे दफ्तरातील निवडक कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत प्रसिद्ध झाले. मोडी रुमाल सोडायचे, कागद वाचायचा, निवडायचा, त्याची बाळबोध नक्कल करायची आणि ती छापखान्यात द्यायची, असे ते काम होते.

७/२६
या खंडांचे ऋण मराठा इतिहासाच्या प्रत्येक अभ्यासकावर आहे. तरीही हाती येते ते एका वाचकाने लावलेले वाचन. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही, शब्द सलग लिहिलेले असतात, काही अक्षरे एकमेकांसारखी दिसतात. नक्कलकाराने 'अमुक' वाचले, तर छापीलही 'अमुक'च होते. शंका आली तर मूळ कागदाकडे जावे लागते. मूळ कागदाचे रूप जसेच्या तसे मिळाले, तर तीच शंका घरी बसून तपासता येते. छायाचित्राने हे वचन दिले. मात्र त्याला एक अट होती, ती फोकसची.

८/२६
पहिला उपाय गमतीचा होता: लेन्सच वापरायची नाही. इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट याने १८४४ पासून भागाभागाने प्रसिद्ध केलेल्या 'द पेन्सिल ऑफ नेचर' या ग्रंथात एका जुन्या छापील पानाची हुबेहूब प्रत दिली आहे. प्रकाशाला संवेदनशील असा कागद त्या पानाला थेट चिकटवून उन्हात ठेवायचा. दोहोंत अंतरच नसल्यामुळे फोकस चुकण्याचा प्रश्न नाही. पण यात प्रकाश मूळ कागदातून आरपार जातो. पोस्टकार्डासारखा दोन्ही बाजूंनी लिहिलेला जाड कागद असेल, तर दोन्हीकडची अक्षरे एकमेकांवर उमटतात. तिथे लेन्सला पर्याय नाही.

९/२६
लेन्सची कथा १८४० पासून महत्त्वाची होते. योझेफ पेट्झवाल या गणितज्ञाने व्हिएन्नात एक वेगवान लेन्स आखली. ती भरपूर प्रकाश आत घेई, त्यामुळे माणसांची छायाचित्रे घेणे सुकर झाले. तिचा दोष असा की तिची रेखीव प्रतिमा सपाट काचेवर न पडता वाटीसारख्या वक्र पृष्ठावर पडे. मध्यभाग स्वच्छ, कडा मवाळ. चेहऱ्याच्या छायाचित्रात हे खपून जाई, शोभूनही दिसे. कागदाची प्रत घेताना मात्र मधली ओळ वाचता येई आणि समासातला मजकूर विरघळून जाई.

१०/२६
नकाशे आणि कागद यांची प्रत घेणाऱ्यांना वेगळी लेन्स हवी होती. १८६६ साली म्युनिकमध्ये श्टाइनहाइल आणि लंडनमध्ये डॅलमायर यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे जवळपास सारखीच रचना सिद्ध केली. समान भिंगांचे दोन गट समोरासमोर बसवलेली ही लेन्स सरळ रेघ सरळच ठेवी. १८९० मध्ये त्साइस कारखान्याच्या पॉल रुडॉल्फ याने 'अॅनास्टिग्मॅट' लेन्स आणली आणि मध्यापासून कडेपर्यंत सपाट, रेखीव प्रतिमा मिळू लागली. पन्नास वर्षांची ही खटपट बऱ्याच अंशी 'कडा स्वच्छ याव्यात' यासाठी होती.

११/२६
आपल्याकडे ही विद्या लवकर पोचली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. पुढच्या वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातील मुंबईचे नामांकित छायाचित्रकार. म्हणजे कॅमेरा मराठी माणसाच्या हाती आला तो पोस्टकार्ड येण्याच्या जवळजवळ पाव शतक आधी.

१२/२६
कागदाची छायाचित्रीय प्रत सरकारी कामात रुळली ती 'फोटोझिंकोग्राफी' या तंत्राने. ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हे खात्याचे प्रमुख हेन्री जेम्स यांच्या देखरेखीखाली १८६० च्या सुमारास ते विकसित झाले. अकराव्या शतकातल्या 'डूम्सडे बुक' या इंग्लंडच्या जमीनपाहणीच्या ग्रंथाच्या प्रती १८६१ ते १८६३ या काळात याच तंत्राने छापण्यात आल्या. कागदाचे छायाचित्र काचेवर घ्यायचे, ते रासायनिक लेप दिलेल्या कागदावर उतरवायचे आणि तिथून जस्ताच्या पत्र्यावर नेऊन हव्या तेवढ्या प्रती छापायच्या.

१३/२६
या तंत्राचा एक स्वभाव आजच्या वाचकाने ध्यानात ठेवावा. जस्ताच्या पत्र्यावर शाई एकतर बसते किंवा बसत नाही. करडा रंग त्याला ठाऊक नाही. म्हणून मूळ छायाचित्रात रेघेची कड मवाळ असली, तर छपाईत ती रेघ फुगते किंवा तुटते. डोळ्याला 'थोडेसे धूसर' वाटणारे चित्र छापून आले की 'चुकीचे' ठरते. आजच्या स्कॅनिंग अॅपमधला 'ब्लॅक अँड व्हाइट' पर्याय नेमके हेच करतो. प्रत्येक ठिपका काळा की पांढरा, याचा निकाल तो लावतो. फोकस चुकलेल्या कार्डावर हा पर्याय वापरला, की दोन रेघांची एक रेघ कायमची होते.

१४/२६
मुंबई इलाख्यात या तंत्राचे केंद्र पुणे होते. सरकारी फोटोझिंको कचेरीत इलाख्यातील गावांचे भूमापन नकाशे छापले जात. 'फोटोझिंको' हे नाव पुण्याच्या शासकीय मुद्रणालयाने आमच्या काळापर्यंत टिकवले आहे. गावनकाशात शेताची हद्द म्हणजे एक बारीक रेघ आणि तिच्यात लिहिलेला सर्व्हे क्रमांक म्हणजे एक बारीक आकडा. तो आकडा ३ की ८, यावर उद्याचा दावा उभा राहू शकतो. त्या कचेरीतला फोकस हा सौंदर्याचा विषय नव्हता. तो मालकीचा विषय होता.

१५/२६
असा कॅमेरा चालवणारा माणूस काय करी? नकाशा एका उभ्या फळीवर ताणून बसवी. कॅमेरा रुळांवर पुढेमागे सरके, पण फळी आणि कॅमेऱ्यातली काच कायम समांतर राहत. डोक्यावर काळे कापड घेऊन तो घासलेल्या काचेवर उलटी प्रतिमा पाही, आणि भिंग लावून एकेका कोपऱ्यातले अक्षर तपाशी. मग लेन्सचे छिद्र लहान करी, कारण त्याने रेखीवपणाचा पल्ला वाढतो. छिद्र लहान म्हणजे प्रकाश कमी, म्हणून काच बराच वेळ उघडी ठेवी. तेवढा वेळ काहीही हलता कामा नये. अंतर, समांतरता, प्रकाश आणि स्थैर्य या चार गोष्टी त्याच्या कामाचा पाया होत्या.

१६/२६
एवढी खटपट परवडे का? एक हिशेब उपलब्ध आहे. लंडनच्या विल्यम ग्रिग्ज याने पतंजलीच्या व्याकरणमहाभाष्याच्या हस्तलिखिताची छायाचित्रीय प्रत १८७१ साली तयार केली. पृष्ठे ४,६७४. हाताने गिरवून प्रत करण्याचा जो अंदाज होता, त्याहून हे काम ६,००० पौंडांनी स्वस्त पडले. त्याच सुमारास पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या फ्रान्त्स कीलहॉर्न यांनी पुढे महाभाष्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. मूळ पोथीचे रूप अनेकांच्या हाती पोचू शकते, ही गोष्ट संशोधनाची रीत बदलणारी होती.

१७/२६
विसाव्या शतकात कार्ड आणि कॅमेरा आणखी जवळ आले. १९२८ साली कोडॅकने बँकांचे धनादेश भराभर टिपणारे 'रेकॉर्डॅक' यंत्र आणले. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, 'एअरग्राफ' पत्रे निघाली. सैनिकाने ठरावीक फॉर्मवर पत्र लिहायचे, त्याचे चित्र बारीक फिल्मवर घ्यायचे, वजन वाचवून फिल्मच विमानाने पाठवायची आणि पोचल्यावर मोठी करून छापायची. त्यात एक शहाणपणाचा नियम होता. फिल्म सुखरूप पोचल्याची खातरी होईपर्यंत मूळ पत्रे नष्ट करायची नाहीत. तो नियम आपल्याला शेवटी लागणार आहे.

१८/२६
आतापर्यंत फोकस माणसाचा डोळा लावत होता. १९७७ साली जपानच्या कोनिका कंपनीचा स्वयंचलित फोकसचा कॅमेरा सर्वसामान्यांच्या बाजारात आला. मोबाइलमध्ये कॅमेरा साधारण २००० सालापासून दिसू लागला, पण सुरुवातीच्या बहुतेक फोनांचा फोकस कायमचा एका जागी बांधलेला होता. दूरचा माणूस ठीक येई, हातभर अंतरावरचे पत्र मात्र धूसर. २००७ च्या पहिल्या आयफोनची स्थितीही हीच; त्याच्या मालिकेत स्वयंचलित फोकस आला तो २००९ साली. मोबाइलने कागद टिपण्याची सवय लागली ती त्यानंतर.

१९/२६
मोबाइल फोकस शोधतो कसा? मूळ रीत जुनीच आहे. लेन्स पुढेमागे सरकवायची आणि काळ्या-पांढऱ्यातला फरक कुठे सर्वाधिक तीव्र दिसतो ते पाहायचे. काळ्या कापडाखालचा माणूस हेच करी. आजच्या पुष्कळ फोनांत याहून जलद अशी फेज पद्धतही असते. पण दोन्ही पद्धतींना पकडायला काहीतरी ठळक लागते. तपकिरी कार्डावरची विटलेली तपकिरी शाई त्यांना दिसत नाही, आणि लेन्स चाचपडत राहते. उपाय सोपा आहे: कार्डाला लागून, त्याच पातळीवर, ठळक आकड्यांची पट्टी ठेवावी. तिच्यावर बोट दाबून फोकस लॉक करावा आणि मग फोन न हलवता टिपावे. पट्टीमुळे कार्डाचे मापही चित्रात राहते.

२०/२६
पहिली बाब अंतर. अक्षर बारीक दिसले की आपण फोन जवळ नेतो आणि तिथेच चुकतो. प्रत्येक लेन्सला किमान अंतर लागते. आजच्या मोठ्या सेन्सरच्या फोनांत मुख्य लेन्सला ते वीतभरही असू शकते. शिवाय अंतर निम्मे केले की रेखीवपणाचा पल्ला सुमारे चौथाईवर येतो. म्हणून फोन मागे घ्यावा. हिशेब पाहा: पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब, १२ मेगापिक्सेलचे चित्र सुमारे ४,००० ठिपके रुंद. कार्डाने निम्मी रुंदी व्यापली, तरी २,००० ठिपके मिळतात, म्हणजे इंचाला साडेतीनशेहून अधिक. वाचनासाठी एवढे पुरते. शिवाय कार्ड मधोमध राहिल्याने कडेचा मजकूर लेन्सच्या दुबळ्या कडेवर पडत नाही.

२१/२६
दुसरी बाब समांतरता. तारेत वर्षानुवर्षे लटकलेले कार्ड धनुष्यासारखे वाकते. त्याची कड मध्यापेक्षा चार-पाच मिलिमीटर उंच असली, तर जवळून टिपताना दोन्ही एकाच वेळी रेखीव येत नाहीत. कार्ड मजबूत असेल तर कोपऱ्यांवर हलकी वजने ठेवावीत किंवा स्वच्छ काच ठेवावी. काचेवर खिडकीचे प्रतिबिंब पडणार नाही हे पाहावे. कार्ड ठिसूळ असेल तर दाबू नये. फोन आणखी मागे घ्यावा, म्हणजे पल्ला वाढतो. फोन तिरका धरून 'अॅप सरळ करील' म्हणू नये. अॅप आकार सरळ करते, धूसर झालेली दूरची ओळ परत आणू शकत नाही.

२२/२६
तिसरी आणि चौथी बाब प्रकाश आणि स्थैर्य. अंधाऱ्या माजघरात फोन काच जास्त वेळ उघडी ठेवतो आणि हाताच्या कंपाने अक्षर पुसट होते. हा फोकसचा दोष नसतो, पण दिसतो तसाच. ओटीवर, पडवीत किंवा खिडकीशी, थेट ऊन टाळून बसावे. दोन स्टुलांवर आडवी पट्टी टाकून तिच्यावर फोन ठेवावा आणि दोन-तीन सेकंदांचा टायमर लावावा. सर्वांत आधी लेन्स पुसावी. कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत तिच्यावर थर बसतो. थंड खोलीतून बाहेर आणल्यावर तर तिला घामच फुटतो. तो सुकेपर्यंत थांबावे.

२३/२६
स्कॅनिंग अॅपचा एक खास घोळ असतो. चौकट सापडली की ते आपोआप फोटो घेते. फोकस लागला की नाही, याची वाट ते दर वेळी पाहतेच असे नाही. म्हणून स्वयंचलित टिपणे बंद करून बटण आपण दाबावे. फिकट कार्ड गडद कापडावर ठेवावे, म्हणजे कड नीट ओळखली जाते. काही फोन जवळ गेल्यावर गुपचूप दुसऱ्या, रुंद लेन्सवर जातात आणि कडा ताणतात. तो मॅक्रोचा पर्याय बंद करता येतो. रंगीत प्रत आधी जपावी, काळी-पांढरी नंतर करावी. पेन्सिलीची खूण आणि टपालाचा फिका शिक्का रंगातच टिकतात.

२४/२६
आता सर्वांत सावध करणारी गोष्ट. रेखीव दिसणारी प्रत खरी असतेच असे नाही. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले की झेरॉक्स कंपनीची काही स्कॅनिंग यंत्रे कागदावरचे आकडेच बदलत होती. ६ चा ८ होत होता. चित्राचा आकार कमी करताना यंत्र सारख्या दिसणाऱ्या खुणा एकच समजून एकीच्या जागी दुसरी बसवी. आकडा स्वच्छ, सुबक आणि चुकीचा. धूसर चित्र निदान आपली शंका जागी ठेवते. फोनातील 'एन्हान्स' पर्यायही धूसर अक्षरांना अंदाजाने धार देतात. अशी सुधारलेली प्रत ठेवावी, पण मूळ टिपलेल्या चित्राच्या जागी नव्हे.

२५/२६
म्हणून प्रत्येक कार्ड टिपल्यावर लगेच, ते तारेत परत जाण्याआधी, तपासावे. चित्र पूर्ण मोठे करून चारही कोपरे आणि मध्य पाहावा. सर्वांत बारीक खूण शोधावी: एखादा अनुस्वार, हिशेबाची रेघ, शिक्क्यातली तारीख. दोन रेघा दोन दिसतात का? नसतील तर पुन्हा टिपावे. पाठपोट दोन्ही बाजू घ्याव्यात, कारण पत्त्याच्या बाजूला शिक्का असतो आणि मजकुरात तारीख नसेल तर काळ तोच सांगतो. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल, तर ते कार्ड १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे, एवढेही त्याच बाजूवरून कळते. काळे कापड घेतलेला माणूस जे भिंगाने करी, ते आपण दोन बोटांनी करतो. करायचे मात्र असते.

२६/२६
२२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले. १८६४ पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही पूर शिरला. घराघरांतल्या पेट्यांचे काय झाले, त्याची गणती कुठे नाही. पूर नसला तरी वाळवी आणि दमट हवा दर वर्षी आपले काम करतेच. जिल्ह्याला १८२८ पासूनच्या रत्नागिरी नगर वाचनालयाची परंपरा आहे. कागद जपणे या मातीला नवे नाही. या पावसाळ्याआधी माळ्यावरची तार खाली उतरवा. घाईने शंभर कार्डे टिपण्यापेक्षा दहा नीट टिपा. एअरग्राफवाल्यांचा नियम पाळा: प्रत तपासली तरी मूळ टाकू नका. आणि घरात मोडी वाचणारे कोणी अजून असेल, तर त्यांना आजच शेजारी बसवून विचारा, इथे साडेदहा आहे की सव्वादहा.